कुत्रा रात्री कुठे ठेवायचा? अंगणात की घरात?



मागच्या उन्हाळ्यात मी सिंदेवाही तालुक्यात मावशीच्या घरी मुक्कामाला होते. वस्तीच्या शेवटच्या रांगेतले घर. मागे सांदवाडी, तिच्या पलीकडे धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की जंगल. उकाड्याने घरात जीव घाबरा होतो म्हणून सगळे अंगणात बाजा टाकून झोपले होते. काळू नावाचा कुत्रा छपरीच्या खांबाला साखळीने बांधलेला होता. मावसभावाने त्याच्यासाठी जुन्या टिनाची खोपटी केली होती, पुढून उघडी. पाऊस लागू नये एवढाच तिचा उपयोग.

रात्री दीड-दोनच्या सुमारास काळू दोनदा भुंकला. तिसऱ्यांदा नुसता केकाटला. मग साखळी ताणल्याचा आवाज आला. टॉर्च लावेपर्यंत खांबाला साखळी लोंबत होती आणि तिच्या टोकाला तुटलेला पट्टा होता. मावसभावाची पाच वर्षांची मुलगी ज्या बाजेवर झोपली होती, ती बाज त्या खांबापासून दहा पावलांवर होती.

सकाळी जमलेली माणसे म्हणत होती, "काळू होता म्हणून पोर वाचली." मावशी काही बोलत नव्हती. चहा झाल्यावर हळूच मला म्हणाली, "साखळी आपणच बांधली होती वं बाई. त्याले पळताबी आलं नाही."

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. काळू होता म्हणून बिबट मुलीपर्यंत पोचला नाही, की काळू तिथे बांधलेला होता म्हणून बिबट अंगणात आला? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलकाठी राहणाऱ्या आपल्या प्रत्येक घराला हा प्रश्न लागू आहे. म्हणून या महिन्याचे आरोग्यपान कुत्र्याच्या रात्रीच्या जागेसाठी.

बिबट अंगणात कशासाठी येतो?

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात राज्यातले सर्वांत जास्त वाघ आहेत. ताडोबा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली हा सगळा पट्टा वाघांचा आहे, आणि आता आरमोरी, वडसा, गडचिरोली भागातही वाघ आहेत. जिथे वाघ जास्त, तिथे बिबट जंगलाच्या कडेला सरकतो, कारण वाघ त्याला टिकू देत नाही. जंगलाची कडा म्हणजे आपली वस्ती. तिथे त्याला चितळ मिळत नाही, पण कुत्रा, शेळी, कोंबडी, डुक्कर मिळते.

यांतही कुत्रा त्याला सर्वांत सोपा. याचा चांगला पुरावा आपल्याच राज्यात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, उसाच्या शेतांच्या मुलखात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचे नमुने तपासून तो काय खातो हे शोधले. त्याने खाल्लेल्या प्राण्यांच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता आणि शेळ्यांचा फक्त ११ टक्के. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या.

सातपट शेळ्या असताना बिबट्याच्या पोटात कुत्रे जास्त का गेले? कारण साधे आहे. शेळी पैसा देते, म्हणून दिवस मावळला की आपण तिला कोठ्यात घालतो आणि दार लावतो. कुत्र्याला मात्र बाहेर ठेवतो. कधी मोकळा, कधी बांधलेला. शेळीला दार असते, कुत्र्याला नसते. एवढाच फरक.

शहरातही हेच दिसते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आणि दुर्गापूरच्या परिसरात २०२२ च्या फेब्रुवारीत वाघ आणि बिबट यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यात एक कोवळा मुलगा होता. दाट झुडपे, उघड्यावरचा कचरा, त्या कचऱ्यावर जगणारी मोकाट कुत्री आणि डुकरे, आणि अगदी लागून माणसांची घरे. जिथे ही चार गोष्टी एकत्र येतात तिथे बिबट येणारच. तो माणसासाठी आलेला नसतो. पण अंधारात अंगणात झोपलेले लहान मूल आणि बसलेला कुत्रा, दोन्ही आकाराने सारखेच दिसतात.

"कुत्रा राखण करतो" यात खरे किती?

आपल्याकडचा गावठी कुत्रा साधारण १५ ते २० किलोचा. मोठा नर बिबट ५० ते ७० किलोचा. कुत्रा बिबट्याला हाकलू शकत नाही. चोराला घाबरवील, कोल्ह्याला पळवील, साप दिसला तर भुंकून सांगेल. पण बिबट्यापुढे तो राखणदार नाही, भक्ष्य आहे.

कुत्र्याचा खरा उपयोग त्याच्या कानाचा आणि नाकाचा आहे. आपल्याला जे ऐकू येत नाही ते त्याला आधी कळते आणि तो आपल्याला उठवतो. आता विचार करा, हे काम करायला त्याने बाहेर असायची गरज आहे का? दाराच्या आत, बंद पिंजऱ्यात असलेला कुत्राही तेवढेच ऐकतो, तेवढाच भुंकतो आणि आपल्याला लवकर जागे करतो, कारण तो आपल्या उशाशी असतो. राखण कानाने होते, त्यासाठी त्याला अंधारात बांधून ठेवायला नको. बांधलेल्या कुत्र्याला तर पळायचीही सोय नाही. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी टाकलेले आमिष, आणि तेही आपल्या मुलांच्या बाजेशेजारी.

पहिले शील आपण रोज विहारात म्हणतो. आपल्या हाताने बांधलेल्या जिवाची जबाबदारीही त्यात येते.

तीन जागा, तीन हिशेब

आपल्या घरांमध्ये कुत्र्यासाठी साधारण तीन जागा असतात.

पहिली, अंगणातली उघडी खोपटी. टिन, विटा किंवा जुन्या पेटीची, पुढून उघडी. पाऊस अडतो, बिबट अडत नाही. उलट कुत्रा तीन बाजूंनी कोंडला जातो आणि बाहेर पडायच्या तोंडाशीच बिबट उभा राहतो. जंगलकाठच्या घराला ही जागा चालणार नाही.

दुसरी, घराच्या भिंतीला लागून, छपरीत किंवा पडवीत केलेली बंद पेटी. चारही बाजूंनी मजबूत, वरून झाकलेली, दाराला कडी असलेली. नीट केली तर ही चांगली जागा आहे. कुत्र्याच्या गोचीड-पिसवा घरात येत नाहीत आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्यालाही त्रास होत नाही.

तिसरी, घराच्या आत, दाराजवळच्या कोपऱ्यात पिंजरा किंवा बंद जागा. बिबट्याच्या दृष्टीने ही सर्वांत सुरक्षित. पण घरात कुत्रा ठेवायचा तर त्याची लस, जंताचे औषध आणि स्वच्छता याबाबत कडक राहावे लागते.

"आमच्या घरात माणसांनाच जागा पुरत नाही, कुत्र्याला कुठून देणार?" हा प्रश्न योग्य आहे. रमाई आवास योजनेचे घरकुल म्हणजे २६९ चौरस फूट. त्यात सहा माणसे, धान्याचे पोते, चूल किंवा गॅस, मुलांची पुस्तके. पण मध्यम गावठी कुत्र्याला रात्री झोपायला लागते ती जागा सुमारे ३ फूट लांब आणि २ फूट रुंद, म्हणजे ६ चौरस फूट. पिंजऱ्याचा वरचा भाग सपाट केला तर त्यावर घडी केलेल्या सतरंज्या किंवा रिकाम्या टोपल्या ठेवता येतात. जागा गेली असे वाटत नाही.

ज्यांचे घर कुडाचे किंवा ताट्यांचे आहे, त्यांनी मात्र घराच्या आतला पिंजराही पक्का करावा. कूड बिबट्याला अडवतो असे धरून चालू नये. कवेलूही सरकवता येतात.

बंद जागा कशी करायची?

शहरात तयार लोखंडी पिंजरे मिळतात, त्यांना क्रेट म्हणतात. पण ते घरासाठी असतात, अंगणात ठेवण्यासाठी नव्हेत. त्यांची बारीक तार बिबट वाकवू शकतो. छपरीत ठेवायची पेटी गावातल्या वेल्डरकडून किंवा सुताराकडून करून घेणेच बरे. या गोष्टी सांगून करून घ्या.

माप: कुत्रा आत ताठ उभा राहिला पाहिजे, जागच्या जागी वळला पाहिजे आणि पाय पसरून झोपला पाहिजे. साधारण लांबी ३ फूट, रुंदी २ फूट, उंची अडीच फूट. याहून लहान असेल तर त्याला शिक्षा वाटेल. फार मोठी असेल तर एका कोपऱ्यात तो घाण करील.

जाळी: जाड तारेची, वेल्डिंग केलेली, एक इंचाची. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी चालत नाही, बिबट ती पंजाने ओरबाडून काढतो. भोक मोठे असेल तर पंजा आत जातो. म्हणून बाहेरच्या बाजूची जाळी खालून दीड फुटापर्यंत फळीने किंवा टिनाने झाका. आतला कुत्रा दिसलाही नाही पाहिजे.

छत: झाकलेलेच हवे. बिबट भिंतीवर आणि झाडावर सहज चढतो. बाजू पक्क्या आणि वरून मोकळे, असे केले तर सगळी मेहनत वाया जाते.

दार: बाहेरून कडी आणि त्यात अडकवायला खिट्टी. नुसते ओढून घेतलेले किंवा दोरीने बांधलेले दार धक्क्याने उघडते.

तळ: जमिनीपासून चार-सहा इंच उंच, फरशी किंवा सिमेंटचा, बाहेरच्या बाजूला थोडा उतार. म्हणजे लघवी साचत नाही आणि पावसाळ्यात ओल चढत नाही. खाली अडगळ ठेवू नका. अडगळीत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

अंथरूण: गोणपाट किंवा जुनी सुती चादर. धानाची तणसही चालते, पण दर आठवड्याला बदला. गोणपाट आठवड्यातून एकदा धुऊन कडक उन्हात टाका. गोचीड आणि पिसवांची अंडी अंथरुणातच असतात.

कुत्र्याला सवय कशी लावायची?

एकदम आत ढकलून कडी लावली तर कुत्रा रात्रभर ओरडतो, दुसऱ्या दिवशी घरचेच म्हणतात, "सोड बाबा त्याला." म्हणून आठ-दहा दिवस द्या.

पहिले तीन दिवस संध्याकाळची भाकर पिंजऱ्यात ठेवा आणि दार उघडे असू द्या. तो आपणहून जाईल आणि खाऊन बाहेर येईल. चौथ्या दिवसापासून तो खात असताना दार लावा, खाणे झाले की उघडा. मग दहा मिनिटे, अर्धा तास असे वाढवत न्या. रात्री कोंडण्याआधी त्याला एकदा फिरवून आणा, म्हणजे आत घाण करणार नाही. हे फिरवणे अंधार पडण्याआधीच करा. ओरडला म्हणून मारू नका, आणि ओरडत असतानाच दारही उघडू नका. गप्प झाल्यावर उघडा. पिंजऱ्यात शिक्षा म्हणून कधीही कोंडू नका. ती त्याची झोपायची जागा आहे, तुरुंग नाही.

पिल्लू असतानाच सवय लावली तर दोन दिवसांत लागते. मुलांना सांगा, तो आत असताना जाळीतून काडी खुपसायची नाही.

घरात घेण्याआधी आरोग्याचे पाच नियम

१. रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी एक. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. लस दिल्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. लस न दिलेला कुत्रा घरात घेऊ नका.

२. जंताचे औषध. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी, पिल्लांना त्याहून लवकर. कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी मातीतून मुलांच्या हाताला आणि हातावरून तोंडात जातात. विष्ठा खड्ड्यात पुरा. कुत्र्याला हात लावल्यावर आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा.

३. कच्चे मांस नको. बकरा कापला की काळजाचा किंवा फुप्फुसाचा खराब, पाण्याच्या फोडांचा भाग आपण कुत्र्यापुढे टाकतो. त्या फोडांत फीतकृमीची पिल्ले असतात. ती कुत्र्याच्या पोटात मोठी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या काळजात वा फुप्फुसात तसेच फोड होतात. अनेक वर्षे कळत नाही आणि पुढे ऑपरेशन करावे लागते. असा भाग जाळा किंवा खोल पुरा. कुत्र्याला द्यायचे मांस शिजवूनच द्या.

४. गोचीड-पिसवा. कान, मान, बोटांच्या बेचक्या रोज तपासा. गोचीड चिमट्याने धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका, नखाने चिरडू नका. धान-कापसावर फवारायचे औषध कुत्र्याच्या अंगावर कधीही चोळू नका. कुत्रा चाटून मरतो, आणि तोच कुत्रा मूल कवटाळते. गोचिडांचे औषध पशुवैद्याकडूनच घ्या.

५. अंथरूण वेगळे. कुत्रा कितीही लाडका असला तरी तान्ह्या बाळाच्या आणि लहान मुलांच्या अंथरुणात नको. त्याचे पाण्याचे भांडेही वेगळे.

उन्हाळ्याचे काय?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंग थंड करतो. टिनाच्या बंद खोपटीत दुपारी कुत्रा कोंडला तर तो उष्माघाताने मरू शकतो. म्हणून पिंजरा रात्रीपुरता. दिवसा कुत्रा कडुलिंबाच्या सावलीत, पाण्याचे भांडे जवळ. छपरीतल्या पेटीवर टिन असेल तर त्यावर तणसीचा जाड थर घाला आणि संध्याकाळी पाणी शिंपडा. दोन बाजूंनी वरच्या अर्ध्या भागात जाळी मोकळी ठेवा, म्हणजे हवा खेळते.

कुत्रा खूप धापा टाकतो, लाळ गाळतो, झोकांड्या खातो असे दिसले तर सावलीत न्या, अंगावर साधे पाणी ओता, वारा घाला. बर्फ लावू नका. शुद्धीत असेल तर थोडे थोडे पाणी पाजा.

माणसांसाठीही एक गोष्ट. उकाड्यात अंगणात झोपणे टाळता येत नाही हे खरे. पण जंगलकाठच्या घरांनी निदान मुलांच्या बाजा छपरीत, भिंतीकडे घ्याव्यात, कडेला मोठी माणसे झोपावीत, मच्छरदाणी लावावी आणि रात्रभर एक दिवा चालू ठेवावा. कुत्रा बाजेखाली बांधू नये. मच्छरदाणीने हिवताप टळतो, तो आपल्या जिल्ह्यांचा जुना शत्रू आहे.

रात्री कुत्रा भुंकला तर

दार उघडून धावत बाहेर जाऊ नका. आधी खिडकीतून टॉर्च मारा. भांडी वाजवा, मोठ्याने बोला, शेजाऱ्यांना फोन करा. मूल बाहेर झोपलेले असेल तर दोघांनी मिळून, उजेड घेऊन जा आणि आधी मुलाला उचला.

बिबट कुत्र्याला धरून असेल तर सोडवायला जाऊ नका. मनाला फार लागते, पण भक्ष्य हिसकावणाऱ्या माणसावर तो उलटतो. वनविभागाला १९२६ या नंबरवर कळवा. बिबट अंगणात आल्याची नोंद झाली तरच पुढे गस्त, कॅमेरे, गरज पडली तर पिंजरा लावणे हे होऊ शकते. "कुत्राच तर गेला" म्हणून गप्प बसू नका. आज कुत्रा गेला त्या जागी तो पुन्हा येणार.

रात्री लघवीला किंवा शौचाला जाताना दोघांनी जा. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो.

चावा किंवा ओरखडा झाला तर

कुत्रा असो, बिबट असो, कोल्हा असो, चावा किंवा नखाचा ओरखडा झाला की पहिले काम: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. तिखट, हळद, चुना, कात, तेल काहीही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका. मग लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. गाडी नसेल तर १०८.

रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. दंडावर कातडीत द्यायची लस साधारण पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी दिली जाते. रक्त आले असेल तर जखमेच्या आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिन नावाचे वेगळे इंजेक्शनही लागते. ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि जवळ नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा. जंगली जनावराच्या जखमेला ते लागतेच. दुखणे थांबले म्हणून डोस सोडू नका. रोगाची लक्षणे दिसू लागली की मग उपाय उरत नाही. झाडफूक आणि गळ्यातले ताईत रेबीजपासून वाचवत नाहीत. लस वाचवते.

पाळलेल्या कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याने किंवा जंगली जनावराने चावले तर त्यालाही पशुवैद्याकडे न्या. तो अचानक चिडचिडा झाला, लाळ गाळू लागला, पाणी गिळता येईना, तर घरात घेऊ नका, मुलांना दूर ठेवा आणि दवाखान्यात कळवा.

एकट्या घराने भागत नाही

माझा कुत्रा मी कोंडला, पण शेजारच्या गल्लीत दहा मोकाट कुत्री कचऱ्यावर असतील तर बिबट येतच राहणार. म्हणून हे काम वस्तीचे आहे.

वर्षावासात आपण रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जमतो. त्यातल्या एका दिवशी दहा मिनिटे यासाठी द्या. वस्तीत किती कुत्रे आहेत, किती जणांना लस दिली आहे, कोणाची नाही, याची यादी करा. पशुवैद्यकीय दवाखान्याला एक अर्ज देऊन लसीकरणाचा एक दिवस वस्तीतच ठरवून घ्या. नसबंदीचीही मागणी करा, दर पावसाळ्यात वाढणारी पिल्ले हेच पुढचे मोकाट कुत्रे असतात. कोंबडी-मटणाचा टाकाऊ भाग उघड्यावर टाकायचा नाही, खड्ड्यातच, असे सर्वांनी ठरवा. घरांच्या मागची रायमुनियाची झुडपे श्रमदानाने काढा, म्हणजे बिबट्याला लपायला जागा राहत नाही. बंद पडलेल्या रस्त्यावरच्या दिव्यांसाठी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. वाचन संपल्यावर घरी जाताना एकटे जाऊ नका, मुलांना मध्ये घेऊन घोळक्याने जा.

यातले कोणतेच काम फार पैशाचे नाही. पण एकाने करून होणारे नाही.

शेवटी

अंगणात की घरात, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जागा छपरीत असो की घरात, रात्री कुत्र्याला चार बाजू, छत आणि कडी हवी. उघडी खोपटी नको, साखळी तर नकोच. जे शेळीला देतो ते कुत्र्यालाही द्यायचे.

परवा मावशीकडे पुन्हा गेले होते. घरात नवे पिल्लू आले आहे. दाराच्या आत, धान्याच्या कोठीशेजारी त्याचा पिंजरा आहे, गावातल्या वेल्डरने जुन्या खिडकीच्या गजांचा करून दिलेला. दिवस मावळला तशी मावशीने आधी शेळ्या कोठ्यात घातल्या आणि कडी लावली. मग पिल्लाला भाकरीचा तुकडा दाखवून आत घेतले आणि तिथलीही कडी लावली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका तारखेभोवती पेनाने गोल केलेला होता. मी विचारले, "मावशी, हे काय?"

"त्याच्या सुईची तारीख आहे वं," ती म्हणाली. "काळूची राहून गेली होती."